वाटण तयार, मटण उद्या

आमच्या मंगळवार पेठेत मोठ्या मॅचच्या आदल्या रात्री 'उद्या आपणच' असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही, हा जुना रिवाज. म्हटलं की दृष्ट लागते, असं आजीचं मत. आजोबा एरवी तिच्या दृष्टीबिष्टीला जुमानत नसत, पण या एका बाबतीत ते गुमान मान हलवायचे. मॅच शिवाजी पेठेच्या संघाशी असली की मग तर बोलायलाच नको. बाहेरून कुणी आला आणि सहज विचारलं, "काय, उद्या कसं काय?" तर कट्ट्यावरचा सगळ्यात म्हातारा माणूस पानाची पिचकारी टाकून एवढंच म्हणायचा, "अवघड हाय."

आता अवघड का, याची यादी प्रत्येकाकडे तयार असायची. गोलकीपरचा खांदा धरलाय. हाफबॅक रात्रपाळी करून थेट मैदानावर येणार, त्याचे पाय काय चालणार? डाव्या बाजूच्या पोराचं लग्न ठरलंय, त्याचं चित्त थाऱ्यावर नाही. समोरच्यांनी म्हणे बेळगावहून कुणी फॉरवर्ड आणलाय, तो दोन्ही पायांनी मारतो. या 'म्हणे'चा उगम कुठं असायचा ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. पण तो फॉरवर्ड रात्री दहापर्यंत सहा फुटांचा होत असे आणि बारापर्यंत त्यानं मुंबईत कुठल्याशा मोठ्या संघाला एकट्यानं हरवलेलं असे.

बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते, रस्सा आठवतो, चप्पल आठवते. फुटबॉल आठवत नाही. पण हंगामात दुपारी चारच्या सुमाराला मिरजकर तिकटीवर उभं राहून बघा. सगळी पेठ एकाच दिशेनं चाललेली दिसेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथं लहान पोरालाही पाढ्यांच्या आधी येतात. आणि यातल्या कितीतरी नावांपुढं 'तालीम' हा शब्द आहे, हे मला लहानपणी फार चमत्कारिक वाटायचं. तालीम म्हणजे लाल माती, हौदा, मारुतीची तसबीर. तिथं चेंडूचं काय काम?

त्याचं उत्तर आजोबांकडं होतं, आणि ते दर वेळी थोडं वेगळं असायचं. त्यातलं पक्कं तेवढं सांगतो. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९०२ साली ते विलायतेला गेले, येता-जाता रोमचं ते जुनं गोल मैदान पाहिलं आणि १९१२ साली आमच्या पेठेला लागून खासबागचं मैदान उभं राहिलं. पेठापेठांतून तालमी निघाल्या. पुढं राजाराम महाराज गादीवर आले. ते विलायतेत शिकून आलेले. आजोबा सांगायचे की छावणीतले गोरे आणि दरबारी मंडळी चेंडू खेळायची आणि तालमीतली पोरं कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. चेंडू कुंपणाबाहेर आला की परत द्यायच्या आधी दोन लाथा मारून घ्यायची. "तितनंच सुरू झालं सगळं," असं म्हणून ते विषय संपवायचे. कुणी इतिहासकार याच्यावर सही करणार नाही, पण मला ते पटतं. शड्डू ठोकणाऱ्या पोराच्या मांडीत जी ताकद येते, ती त्याला कुठंतरी वापरायचीच असते.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजाराम महाराज वारले. या दोन गोष्टी आजोबा नेहमी एका दमात सांगायचे, पहिली सांगताना आवाज चढा आणि दुसरी सांगताना खाली. मग १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. "राज्य गेलं, पण पेठ ऱ्हायली की," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. ज्याच्यासाठी जीव टाकायचा असं काहीतरी माणसाला लागतंच. दरबार संपला, तोफा संपल्या, मग लोकांनी तो जीव आपापल्या पेठेच्या संघात ठेवला.

जिथं आज शाहू स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली आणि रावणेश्वराच्या तळ्यावर फुटबॉल. आजी त्याला शेवटपर्यंत 'तळं'च म्हणायची. "तुजा आजा कुटं गेलाय?" "तळ्यावर." नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा पोहायला गेला.

आजोबांच्या पिढीचा खेळ कसा होता हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. चेंडू चामड्याचा. आत ब्लॅडर, वर तोंड आवळायला चामड्याची वादी. पावसात भिजला की तो इतका जड व्हायचा की डोक्यानं मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठायचा. आजोबांच्या कपाळावर उजव्या भुवईच्या वर एक बारीक खूण होती, ती वादीची असं ते सांगत. आजी म्हणायची की ती लहानपणी उंबऱ्यावर पडल्याची आहे. दोघंही आपापल्या मतावर ठाम राहून गेले. बूट असले तर असले. ओळखीच्या चांभाराकडून साध्या बुटाच्या तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकून घ्यायच्या, झाले फुटबॉलचे बूट. बाकी पोरं अनवाणीच. त्यात लाज कसली? १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपल्या देशाच्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. त्या दोन पेनल्टींचं दुःख आजोबांना स्वतःच्या घरच्या दुःखासारखं होतं. त्यांच्या सगळ्या शंकांचं मूळ तिथं असावं असं मला वाटतं. पेनल्टी मिळाली की ते मैदानाकडं पाठ करायचे.

आता खरी गोष्ट सांगतो. आजीचं माहेर शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकात, अर्ध्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर. सासर मंगळवार पेठेत. म्हणजे मोठी मॅच ही आमच्या घरात स्वयंपाकघरापासून सुरू व्हायची. तिचा थोरला भाऊ, आमच्या वडिलांचा मामा, म्हणून आम्हीही त्याला मामाच म्हणायचो, तो आदल्या संध्याकाळी हटकून आमच्याकडं यायचा. निमित्त काहीही. बहिणीला शेंगा आणल्या, कधी गुऱ्हाळावरची काकवी आणली. सायकल भिंतीला लावायची, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि सोप्यात आजोबांसमोर बसायचं. चहा व्हायचा. ऊस, पाऊस, पै-पावणे सगळं बोलून व्हायचं. आणि मग एकदाचं आजोबा सुस्कारा टाकायचे.

"पावणं, ह्या टायमाला तुमचंच हाय."

"छ्या! आमचं कसलं? आमच्या बॅकला पळता येईना झालंय. तुमची पोरं काय वारं हाईत वारं."

"कुटलं वारं? दम न्हाई त्यास्नी. हाफटायमाला जीब भायेर."

अशी दोन म्हातारी माणसं तासतासभर आपापला संघ कसा हरणार आहे हे एकमेकांना पटवून द्यायची. कुणी मागं हटायचं नाही. समोरच्यानं आपल्या संघाची स्तुती केली की ती झुरळासारखी झटकून टाकायची. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचो आणि मला खरंच वाटायचं की उद्या दोन्ही संघ हरणार आहेत. आतून आजी ओरडायची, "मग जाताय कशाला तळ्यावर? दोगंबी हरा आनि गप घरला या!"

मोठा झाल्यावर उमगलं की ती दोघं खोटं बोलत नव्हती. प्रत्येकाला आपल्या संघाच्या उणिवा खरोखरच पाठ होत्या, कारण वर्षभर दुसरं काही बघितलेलं नसायचं. समोरच्याच्या उणिवा कळायला तितकं जवळून बघावं लागतं, तेवढं प्रेम तिकडं नसायचं. आईला आपल्याच पोराचा खोकला आधी ऐकू येतो, तसं ते होतं.

आशा मात्र घरात एकाच ठिकाणी उघडी पडायची, ती आजीच्या पाट्यावर. मॅच संपली की जिंकणाऱ्याच्या घरी मटण, हा नेम. मटण आधी आणून ठेवायचं नाही, तो अपशकुन. पिशवी खुंटीलाच राहायची. पण वाटण? वाटण रात्रीच व्हायचं. सुकं खोबरं विस्तवावर धरून काळपट होईतो भाजायचं. कांदाही तसाच निखाऱ्यात. तीळ, खसखस, धणे तव्यावर परतून घ्यायचे, लसणाच्या पाकळ्या सालीसकट ठेचायच्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर. मग आजी पदर खोचून पाट्याशी बसायची. वरवंटा पुढं जाताना घर्रर्र आणि मागं येताना नुसता कुजबुजल्यासारखा. थोड्या थोड्या वेळानं ती पाण्याचा हबका मारायची आणि बोटानं कडेचं सगळं मध्ये ओढायची. वाटण लोण्यासारखं झालं की दोन बोटांत चोळून बघायची, कणी लागली तर परत. त्याचा गोळा पितळी डब्यात घालून, वर ओलं फडकं टाकून माठाच्या शेजारी ठेवला जायचा. ते बघून आजोबा कधी काही बोलले नाहीत. पण झोपायला जाताना त्यांची नजर त्या डब्यावरून एकदा फिरायचीच.

मी एकदा आजीला विचारलं, "आणि हरलो तर? वाटणाचं काय?" ती म्हणाली, "हरलास तर मामा जिंकंल की रं. डबा घिऊन माहेरला जाईन."

तिचं वाटण कधी वाया गेलं नाही. बरोबरी झाली त्या वर्षी काय झालं ते मला नक्की आठवत नाही. बहीण म्हणते, दोन्ही घरं एकत्र जेवली. काका म्हणतात, दोन्हीकडं पिठलं झालं. मला वाटतं, काकांना त्या दिवशी मटण मिळालं नसावं, एवढाच त्याचा अर्थ.

आमचे एक चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते. सुट्टीवर आले की ते कुपरेजच्या मैदानावरच्या रोव्हर्स कपाच्या गोष्टी सांगायचे. हैदराबाद पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप नेला, तो संघ घडवणारे रहीमसाहेब, त्यांनीच पुढं देशाचा संघ १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथ्या नंबरापर्यंत नेला आणि १९६२ ला जकार्तात एशियाडचं सोनं मिळवून दिलं. मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा, त्याचा खेळ आपण कुपरेजवर बघितलाय असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. पण आम्हा पोरांना त्यांच्या गोष्टींतली आवडायची ती कलकत्त्याची. मोहन बागाननं १९११ साली अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला २-१ नं हरवलं, ती. आणि बागान विरुद्ध ईस्ट बंगालची. त्यांच्या खात्यातल्या एका बंगाली बाबूनं त्यांना सांगितलं होतं की बागान जिंकलं की तिकडं कोळंबी शिजते आणि ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा मासा, आणि निकाल लागला की बाजारात त्या माशाचा भाव चढतो. हे ऐकून आजी चुलीपुढून उठून बाहेर आली. "म्हंजी तितंबी असंच हाय म्हना की," एवढंच बोलली आणि परत आत गेली. तिला कलकत्ता कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून ते तिचं गाव झालं.

१३ जुलै १९९७ ला या दोन संघांची फेडरेशन कपाची सेमीफायनल बघायला सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर १,३१,००० माणूस लोटला होता. बायचुंग भुतियानं तीन गोल मारले आणि ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकलं. पेपरात ते वाचलं तेव्हा आजी-आजोबा दोघंही नव्हते. मला गोलांपेक्षा एकच विचार पडला. आदल्या रात्री त्या गावात किती लाख घरांतून शंका काढत माणसं जागी असतील!

मात्र त्याच गावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या मॅचमध्ये प्रेक्षकांत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. घरून मॅच बघायला निघालेली माणसं होती ती. आजोबांनी ती बातमी चष्मा पुसून दोनदा वाचली. त्या दिवशी संध्याकाळी ते कट्ट्यावर गेले नाहीत.

१९८६ चा वर्ल्डकप गल्लीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथं बघितला. आजोबा तेव्हा थकले होते, त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. मॅरेडोना चेंडू घेऊन निघाला की ते खुर्चीचे हात गच्च धरायचे. तेव्हापासून आमची गल्ली अर्जेंटिनाची आणि पलीकडची ब्राझीलची. आता वर्ल्डकप आला की चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे फलक लागतात, पताका लागतात. लोक हसतात, कुठं कोल्हापूर आणि कुठं ब्युनोस आयर्स! मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जिथं रोज संध्याकाळी पोरगं पायात चेंडू घेऊन निघतं, त्या गावाला जगातल्या कुठल्याही चेंडूवर हक्क सांगता येतो. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप आपल्या देशात झाला आणि आपला संघ त्यात उतरला, तेव्हा त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दोन्ही पेठांनी त्याला 'आपलं पोरगं' म्हटलं. कुणीही 'कुठल्या पेठेचं?' असं विचारलं नाही.

आता दिवस बदलले. नायजेरियाची पोरं येऊन आमच्या संघांतून खेळतात, गल्लीतल्या मावशीच्या हातची भाकरी खातात आणि चार महिन्यांत "काय भावा?" म्हणायला शिकतात. शंका कट्ट्यावर कमी आणि मोबाईलवर जास्त काढल्या जातात. पण 'म्हणे' तोच आहे. परवा नातवानं मला काळजीनं सांगितलं की समोरच्यांनी म्हणे बाहेरून एक फॉरवर्ड आणलाय, दोन्ही पायांनी मारतो. मी म्हटलं, "त्याला मी साठ वर्षांपासून ओळखतो."

बदललेली एक गोष्ट मात्र मनाला लागते. हल्ली कधी कधी गॅलरीतला आवाज मैदानाबाहेर येतो. दगड उचलले जातात, गाड्या फुटतात, पोलिसांच्या काठ्या चालतात. मग मॅच थांबते, स्पर्धा गुंडाळावी लागते, कोवळ्या पोरांच्या नावावर केस होते. दोन्हीकडच्या आया पोलीस ठाण्याच्या दारात शेजारी शेजारी उभ्या असतात.

अशा वेळी मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. निम्मं गाव पाण्यात होतं. तेव्हा तालमीतालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. कुणी दोर धरला, कुणी म्हातारी पाठुंगळी घेतली, कुणी भाकरी गोळा केल्या. ज्याला खांद्यावर घेतलं त्याला कुणी संघ विचारला नाही. हंगामात एकमेकांच्या नावानं घसा फोडणारी हीच पोरं होती. म्हणजे माणुसकी कुठं गेलेली नाही, ती फक्त मॅचच्या दिवशी दोन तास विसरते.

म्हणून पोरांनो, सांगायचं ते सरळ सांगतो. मॅचला जा. हलगी वाजवा, घसा बसेतो ओरडा, आपल्या संघासाठी जोतिबाला गुलाल बोला. पण समोरच्या गॅलरीतला पोरगाही काल रात्रभर तुमच्यासारखाच तळमळत होता, त्याच्याही घरात कुणीतरी गोलकीपरच्या खांद्याची काळजी करत होतं, एवढं ध्यानात ठेवा. आशा ज्याची त्याची असते, पण भीती दोघांची सारखीच असते, आणि ज्याची भीती आपल्याला कळते तो माणूस परका नसतो. त्याच्यावर दगड उचलायचा नाही. हरलेल्या संघाला पुढच्या वर्षी परत खेळता येतं. मैदान बंद पडलं, तर हरतात त्या दोन्ही पेठा.